नऊशे क्रोनांची मेजवानी

जुंबेर कुतायसीहून डेन्मार्कात, ओडेन्सला आला, तेव्हा पहिले काही आठवडे त्याला काही विकतच घेता येईना. पैसे नव्हते असं नाही. वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये पगार चोख मिळत होता. पण दुकानात कुठलीही वस्तू हातात घेतली की डोक्यात लारीचा, म्हणजे त्याच्या देशातल्या पैशांचा, हिशेब सुरू. एक काकडी दहा क्रोन. म्हणजे चार लारी. अरे, चार लारीत कुतायसीच्या बाजारात पिशवीभर काकड्या येतात, आणि वर बाई मूठभर कोथिंबीर आपणहून टाकते! की गेली काकडी परत जागेवर. न्हाव्याने तीनशे क्रोन सांगितले तेव्हा याने विचारलं, "सगळ्या डोक्याचे, की एकाच बाजूचे?" न्हावी हसला नाही. तेव्हापासून जुंबेर आरशासमोर उभा राहून स्वतःचे केस स्वतःच कापायला लागला. पुढून बरे दिसायचे, मागून बकरीने चरल्यासारखे.

बसचं तिकीट परवडेना म्हणून जुनी सायकल घेतली. सायकलवर पावसात भिजायला लागला म्हणून रेनकोट घ्यायला गेला, तर रेनकोट सायकलपेक्षा महाग. दुकानात बसून कॉफी प्यायची त्याची छाती वर्षभर झाली नाही. बाहेरून काचेतून बघायचा, आत लोक एका कपापुढे दोन दोन तास गप्पा मारत बसलेले, आणि मनात म्हणायचा, यांचा बाप सोडून गेलाय का काही यांच्यासाठी!

यावरून हा माणूस चिक्कू होता असं मात्र कुणी समजू नये. अगदी उलट. स्वतःवर एक दमडी खर्च करताना याचा जीव जायचा, आणि पाहुणा म्हटला की याला कशाचं भान राहायचं नाही. त्याच्याकडची सगळी माणसं अशीच. नव्वदच्या दशकातल्या त्या भयंकर वर्षांत, गावात वीज नाही, गॅस नाही, कारखान्याला टाळं, अशा दिवसांत दारात कोणी आलं तर त्याच्या आईने शेजारून कोंबडी उसनी आणून शिजवलेली. पाहुणा हाडं चोखत बसला आणि घरातली पोरं स्वयंपाकघरात पावाला मीठ लावून खात होती, हसत होती, म्हणजे बाहेर कळू नये. जेवणाला काय खर्च आला हे पाहुण्याने विचारणं वाईट, आणि यजमानाने सांगणं म्हणजे तर जेवण त्याच्या तोंडावर फेकून मारणं. हे जुंबेरला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्याच्या अंगातच होतं.

त्याचा खरा घोर होता घराचा. राहत होता एका तळघरातल्या खोलीत. खिडकीतून फक्त जाणाऱ्या येणाऱ्यांचे बूट दिसायचे. बायको एतेरी आणि मुलगी नुत्सा तिकडे कुतायसीला. त्यांना इथे आणायचं तर आधी नावावर नीट दोन खोल्यांचं घर हवं, त्याशिवाय सरकार बघतही नाही. आणि घर शोधायला जावं तर तीन महिन्यांचं भाडं अनामत, वर तीन महिन्यांचं आगाऊ. नुत्सा फोनवर विचारायची, "बाबा, माझ्या खोलीला खिडकी आहे ना?" हा म्हणायचा, "आहे की! केवढी मोठी!" आणि बुटांकडे बघत बसायचा.

मार्ग दाखवला तो प्रेबनने. प्रेबन वर्कशॉपचा हिशेबनीस. उंच, लाल गालांचा, मोठ्याने हसणारा. तो गावाबाहेरच्या एका सामाईक वसाहतीत राहायचा. वीसएक घरं, मधोमध एक मोठं स्वयंपाकघर आणि जेवणघर. आठवड्यातून चार संध्याकाळी सगळे एकत्र जेवायचे, चाळीसेक पानं. प्रत्येकाचा स्वयंपाकाचा वार ठरलेला, साधारण महिन्यातून एकदा. मोठ्याला ताटामागे पंचवीस क्रोन, पोरांना त्याहून कमी, म्हणजे एका संध्याकाळी नऊशे क्रोन जमायचे. त्यात ज्याचा वार असेल त्याने चाळीस जणांना जेवू घालायचं आणि पावत्या प्रेबनकडे द्यायच्या, कारण तिथल्या स्वयंपाकाच्या गल्ल्याचा हिशेबही तोच बघायचा.

"दोन खोल्यांचं घर रिकामं झालंय," प्रेबन म्हणाला. "भाडं तुझ्या खिशाला झेपेल. अनामतही नावापुरती. तीन महिने राहून बघायचं, मग रविवारी सभा. सगळ्यांनी हात वर करायचे."

"आणि एखाद्याने केला नाही तर?"

"तर नाही. एक जरी नाही म्हणाला तरी नाही. पण तुला कोण नाही म्हणणार? तू तर काकडीलाही घाबरतोस!"

जुंबेर सामान घेऊन गेला. सामान म्हणजे एक बॅग आणि आरसा.

त्याच्या शेजारी बोदिल राहायची. सत्तरी उलटलेली, एकटी, जन्मभर सायकलवरून टपाल वाटलेली बाई. पायांच्या पोटऱ्या अजून टणक. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण मन लोण्यासारखं. पहिल्याच दिवशी दार वाजवून तिने जुन्या पडद्यांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "लाव. नाहीतर आंघोळ करून आलास की सगळ्या वसाहतीला दर्शन होईल." तिथे सगळे एकमेकांना नावाने, अरे-तुरेने हाक मारायचे, लहान पोरंसुद्धा. जुंबेरच्या तोंडून ते काही निघेना. आईच्या वयाच्या बाईला नुसतं नाव घेऊन? तो तिला मावशी म्हणायला लागला. बोदिल आधी खेकसली, "मी कुणाची मावशी नाही!" पण दुसऱ्या दिवशी त्याने मावशी म्हटलं नाही तर तिनेच दारातून ओरडून विचारलं, "काय रे, रागावलास का?"

मग आला जुंबेरचा पहिला वार.

चाळीस माणसं आपल्या हातचं जेवायला येणार, आणि त्यांना नऊशे क्रोनांत जेवू घालायचं! बोदिलने त्याला समजावून सांगितलं, "बटाटे घे, कोबी घे, थोडा खिमा घे. फार डोकं लावू नकोस. उद्याही जेवायचंच आहे लोकांना." जुंबेरने मान डोलावली आणि बाहेर जाऊन बारा कोंबड्या आणल्या. चार किलो अक्रोड आणले. अक्रोडाची किंमत बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. घरी अंगणात झाड होतं, पोरं अक्रोडांनी गोट्या खेळायची, आणि इथे ते पुडक्यांत बांधून औषधासारखे विकायला ठेवलेले. पण घेतले. चीजही घेतलं, एकावर एक रचून. पहाटेपासून उभा राहून त्याने अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी केली आणि चीज भरलेल्या गरम रोट्या, त्यांच्याकडची खाचापुरी. मदतीला आलेल्यांना हात लावू दिला नाही. "बसा, बसा, तुम्ही पाहुणे."

लोक जेवले, आणि काय जेवले! पोरांनी ताटं चाटली. एक आजोबा तर उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, मग सगळ्यांनीच वाजवल्या. जुंबेर दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. इथे आल्यापासून पहिल्यांदाच त्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटलं.

पावत्या मात्र त्याने नऊशेच्याच दिल्या. बाकीच्या खिशात. वरचे जवळजवळ सतराशे क्रोन त्याचे स्वतःचे. ते सांगायचे? छे! पुढचा महिनाभर तो घरी ओट खाऊन राहिला. सगळ्यात स्वस्त, कागदी पुडक्यातले, पाण्यात शिजवलेले. बाकीच्यांच्या वाराला पोटभर जेवून घ्यायचा, एरवी ओट. एतेरीने फोनवर विचारलं, "बारीक झालास का रे?" तर म्हणाला, "फोनमध्ये तसं दिसतं."

दुसऱ्या वाराला तेच, तिसऱ्या वाराला तेच. माणूस एकदा असा अडकला की सुटायचं कसं? पहिल्यांदा कोंबडी दिली आणि दुसऱ्यांदा कोबी दिला तर लोक म्हणणार, दमला वाटतं. तीन वारांचे मिळून पाच हजार क्रोन त्याने स्वतःच्या पोटातून काढले, आणि प्रत्येक वेळी प्रेबनच्या हातावर नऊशेच्या पावत्या ठेवल्या.

प्रेबन तर खूश. सगळ्यांसमोर म्हणायचा, "हा जादूगार आहे! याच्याकडून शिका." एकदा बोदिलच्या वाराला तो सूप वाढून घेत होता. बोदिल गेली कित्येक वर्षं हिवाळ्यात तेच करायची, पिवळ्या वाटाण्याचं घट्ट सूप, डुकराच्या मांसाचे चार तुकडे, मोहरी आणि काळा पाव. पोरांनी नाकं मुरडली. "आज पुन्हा पिवळं?" आणि प्रेबनने हसत हसत विचारलं, "काय बोदिल, नऊशेत तो कोंबड्या खाऊ घालतो आणि तू वाटाणे! बाकीचे पैसे जातात कुठे गं?"

सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, प्रेबनचा स्वभावच तसा. बोदिलही हसली. म्हणाली, "दारू पिते मी." आणि पळी पातेल्यात ठेवून हात पुसायला आत गेली. जुंबेर तिथेच बसला होता. सांगून टाकावं असं त्याला वाटलं. पण बोलला नाही. काय बोलणार? बोलायचं म्हणजे त्या कोंबडीची किंमत सांगायची.

त्यानंतर बोदिल जेवणघरात दिसेनाशी झाली. विचारलं की म्हणायची, "पोटाला जड पडतं रे." स्वयंपाकाच्या वारातूनही तिने नाव काढून घेतलं. "म्हातारी झाले. आता तरण्या लोकांनी करावं."

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी जुंबेर तिच्या सायकलची साखळी बसवून द्यायला गेला. दार उघडंच होतं. बोदिल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जेवत होती. वाडग्यात ओट होते. बाजूला तेच कागदी पुडकं, अगदी तेच, कोपऱ्यावर किमतीची तीच पिवळी चिठ्ठी.

"मावशी, हे काय?"

"जेवण. दिसत नाही का?"

"तिकडे आज मासे आहेत. चला की."

"नको." तिने चमचा खाली ठेवला. "खरं सांगू का तुला? तिकडे गेले की सगळ्यांच्या तोंडाकडे बघते मी. यांना वाटतं, ही इतकी वर्षं पैसे खात होती की काय. किंवा हिला काही जमतच नव्हतं, आणि आपण उगाच गोड मानून घेत होतो. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, ते कळत नाही मला. माझं पेन्शन एवढंसं. त्या पंचवीस क्रोनांतलं जेवण होतं म्हणून महिना निघायचा. वाराला स्वयंपाक केला की वाटायचं, आपण फुकट नाही खात, आपलंही काही आहे यात." मग एकदम ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे. उद्या तुझी सभा आहे. मी येणार. माझा हात सगळ्यांत वर असेल. पोरीला खिडकीची खोली दे, पूर्वेकडची. सकाळी ऊन येतं."

जुंबेरने साखळी बसवली. बोटांना काळं ग्रीस लागलेलं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. घरी जाऊन तो पूर्वेकडच्या खोलीत भिंतीला टेकून बसला. त्याने कुणाचं काही चोरलं नव्हतं. उलट दिलं होतं! आणि तरी शेजारची म्हातारी त्याच्यापायी चोर ठरून घरात ओट खात होती. गप्प बसला तर उद्या घर मिळत होतं. बोलला तर हिशेबात खोटेपणा केलेला माणूस म्हणून ही माणसं त्याला दारात उभं करणार नाहीत, कारण इथे कुलपावाचून चालतं ते सगळं विश्वासावर. आणि घराहूनही अवघड होतं ते तोंडातून आकडा काढणं.

रविवारी दुपारी जेवणघरात सभा भरली. कॉफी आणि केक. हे लोक वाईट बातमीसुद्धा केकबरोबरच देतात. प्रेबन उभा राहिला आणि त्याने जुंबेरचं कौतुक सुरू केलं. शांत माणूस, मेहनती माणूस, सगळ्यांच्या सायकली दुरुस्त करतो. "आणि नऊशे क्रोनांत," तो म्हणाला, "आपल्यातल्या कुणालाच जे कधी जमलं नाही..."

"नाही," जुंबेर म्हणाला.

"काय नाही?"

"नऊशे नाही." तो उभा राहिला. भाषा आधीच तोडकीमोडकी, त्यात जीभ कोरडी. "मी पैसे घातले. माझे. तुम्ही पाहुणे म्हणून. नऊशेत कोणाला नाही जमणार. मावशी बरोबर करत होत्या. नऊशेत वाटाणेच येतात."

प्रेबनचे लाल गाल आणखी लाल झाले. "म्हणजे तू मला खोट्या पावत्या दिल्यास?"

"खोट्या नाही. अर्ध्या."

कोणीतरी खुसकन हसलं आणि गप्प झालं. "किती घातलेस?" प्रेबनने विचारलं.

जुंबेर टेबलावरचे केकचे कण गोळा करायला लागला. त्याला वाटलं, आई बघतेय, बाप बघतोय, सगळी गल्ली बघतेय.

"अरे, किती?"

"पाच हजार," तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग उठली बोदिल. जुंबेरला वाटलं, आता ही पाठीवर हात ठेवेल. कसला हात नि कसलं काय! ती अशी कडाडली की खिडकीच्या काचा हलल्या असतील. "गाढवा! मी पंधरा दिवस घरात बसून रडतेय, माझी अक्कल गेली म्हणून! आणि तू इथे कोंबड्या उधळत होतास? कुणी सांगितलं होतं तुला? आम्ही पाहुणे? मी पाहुणी? मी या घराच्या विटा वाहिल्यात, आणि तू मला पाहुणी म्हणतोस!" मग ती प्रेबनकडे वळली. "आणि तू! कोंबडी काय भावाने मिळते ते तुला ठाऊक नाही? हिशेबनीस म्हणे!"

प्रेबनने मान खाली घातली. "चुकलं माझं, बोदिल," तो म्हणाला, आणि या वेळी तो हसला नाही.

"पाच हजार भागिले चाळीस," बोदिल म्हणाली. "सव्वाशे." तिने पिशवीतून पाकीट काढलं. शंभराची एक नोट, मग नाणी. एक एक करून तिने ती जुंबेरसमोर टेबलावर ठेवली.

"नाही, नाही! मावशी, हे नका करू!" जुंबेर मागे सरकला, विस्तव पुढे केल्यासारखा. "पाया पडतो. तुम्ही जेवलात. मी कसे घेऊ? आमच्यात असं घेतलं तर माणूस मेला."

"आणि आमच्यात नाही घेतलं तर मी मेले. उद्यापासून तुझ्यासमोर मान वर करून जेवू कशी?" बोदिलने पैसे आणखी पुढे ढकलले. "ऐक नीट. हे घेणार नसशील तर माझा हात खाली. पोरीची खोली गेली."

ती गंमत करत नव्हती. जुंबेरने तिच्याकडे पाहिलं. काल दुपारचं ते वाडगं त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. हे सव्वाशे क्रोन म्हणजे तिचे किती दिवस, हे तिथे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच ते घेणं इतकं जड होतं, आणि म्हणूनच ते परत करणं शक्य नव्हतं. त्याने हात पुढे केला. नोट घेतली, नाणी घेतली, सगळी खिशात टाकली.

"मोज," बोदिल म्हणाली.

त्याने बाहेर काढून मोजली. सगळ्यांसमोर.

मग बाकीच्यांनी आपापल्या वाट्याचे पैसे पाठवायला फोन काढले. जुंबेरच्या खिशातला फोन टिंग करायला लागला. एक टिंग, दुसरं टिंग, मग थांबेचना. प्रत्येक आवाजाला तो दचकत होता, आणि प्रत्येक जण मान हलवून पुढचा केकचा तुकडा घेत होता, काही विशेष झालंच नाही अशा थाटात. आवाज थांबल्यावर प्रेबनने घसा खाकरला आणि विचारलं, "घराला कुणाची हरकत?" कुणाची नव्हती. बोदिलचा हात सगळ्यांत वर होता.

बाहेर सायकलींच्या छपराखाली उभं राहून त्याने एतेरीला फोन लावला.

"काय झालं? मिळालं का घर?"

"मिळालं."

"देवा! नुत्सा, ए नुत्सा, घर मिळालं गं!" मागे पोरीचा आरडाओरडा. मग एतेरीच्या लक्षात आलं. "जुंबेर? अरे, मग रडतोस कशाला?"

"एतेरी, मी ज्यांना जेवू घातलं ना... त्यांच्याकडून त्याचे पैसे घेतले."

पलीकडे एतेरीने पोरीला गप्प केलं.

"सगळ्यांकडून?" तिने हळू विचारलं.

"सगळ्यांकडून. एका म्हातारीकडूनसुद्धा."

एतेरीने दार लावून घेतलं. मग म्हणाली, "बरं. आम्ही येतो. पण इथे कुणाला बोलू नकोस हं."